एकोणचाळिसाव्या मजल्यावरचा लूप

मंगळवारी सकाळी नऊला मी एका चव्वेचाळीस मजली टॉवरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर उभी होते. खाली उभा राहून जोसेफ मला तेच तेच सांगत होता, "मॅडम, पंप बंद आहे. शनिवारपासून बंद आहे. मी स्वतः बंद केलाय."

मी वाकून आत बघितलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी गच्चीवर पडत होतं आणि चार कावळे त्यात मजेत आंघोळ करत होते.

जोसेफ टॉवरचा फॅसिलिटी मॅनेजर. म्हणजे इमारत बांधून झाली की ती रोजच्या रोज चालवणारा माणूस. आधी नौदलात होता. पंपाच्या बाबतीत तो चुकणार नाही, हे मला माहीत होतं.

"वीज न जाळता टाकी भरतेय," तो हसत म्हणाला. "ग्रीन बिल्डिंग आहे ना, मॅडम!"

मला हसू आलं नाही. पाणी आपणहून चव्वेचाळीस मजले चढत नाही, त्याला कुणीतरी ढकलावं लागतं. कोण ढकलतंय, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

थोडं माझ्या कामाबद्दल सांगते. इमारतीत पाणी कुठून येणार, कुठे साठणार, कुठल्या पाइपाने नळापर्यंत जाणार आणि वापरून झाल्यावर कुठे जाणार, हे सगळं मी आखते. धंद्यात आम्हाला पीएचई कन्सल्टंट म्हणतात. घरी माझी लेक सरळ प्लंबर म्हणते आणि ते फारसं चुकीचंही नाही. आजोबा सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी बेंगळुरात आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. त्यामुळे साइटवरचे प्लंबर मला अक्का म्हणतात. साहेब लोक मॅडम म्हणतात. काम अडलं की दोघंही सारख्याच वेळा फोन करतात.

हा टॉवर के. आर. पुरमच्या पुढे. खाली दुकानं, मग अठराव्या मजल्यापर्यंत ऑफिसं, त्यावर फ्लॅट. अशा इमारतीत पाणी दोन वेगळ्या पाइपांतून फिरतं. एक चांगल्या पाण्याचा पाइप, तो स्वयंपाकघर, बेसिन आणि शॉवरला. दुसऱ्यावर जांभळा पट्टा असतो, तो फक्त फ्लशला. त्यातून वाहतं शुद्ध केलेलं सांडपाणी. बोअरवेल आटलेल्या आणि टँकरवर जगणाऱ्या शहरात चांगलं पाणी फ्लशमध्ये ओतणं परवडत नाही, म्हणून ही व्यवस्था. हे शुद्ध केलेलं पाणी दिसायला अगदी स्वच्छ असतं, वासही येत नाही. फ्लशला ते उत्तम. पोटात मात्र जाता कामा नये. आणि चुकून नळाला आलं तर बघून कुणाला ओळखू येणार नाही.

ते पाणी तयार करणारं यंत्र तळघरात असतं, त्याला एसटीपी म्हणतात. त्याला चालायला सांडपाणी लागतं, म्हणजे आधी इमारतीत माणसं हवीत. म्हणून नव्या इमारतीत सुरुवातीला फ्लशच्या टाकीतही चांगलंच पाणी भरतात. इथे ऑफिसं भरली आणि यंत्र नीट चालू लागलं. आता येत्या शुक्रवारी ते पाणी पहिल्यांदाच गच्चीवरच्या, मी आत्ता वाकून बघत होते त्या टाकीत चढवायचं होतं. शुक्रवारच ठरला, कारण त्या दिवशी ग्रीन रेटिंग देणारे परीक्षक येणार होते आणि त्यांना हे पाणी फ्लशमध्ये प्रत्यक्ष चालू दाखवायचं होतं.

मी टाकीत येणारे सगळे कॉक बंद करायला लावले. पाणी वीतभर खाली उतरवलं आणि आतल्या भिंतीवर खडूने रेघ मारली. जोसेफने चहा मागवला. मला बसवेना. मी गच्चीवर फेऱ्या मारत राहिले. चाळीस मिनिटांनी बघितलं तर रेघ पाण्याखाली गेली होती.

पाणी वरून येत नव्हतं, याचा अर्थ ते खालून येत होतं. ज्या पाइपातून ते टाकीबाहेर जायला हवं, त्याच पाइपातून आत शिरत होतं. इतका जोर त्या टॉवरमध्ये एकाच ठिकाणी होता. अगदी वरच्या मजल्यांवर टाकी जवळ असल्यामुळे नळाला जोर कमी मिळतो, म्हणून तिथे चांगल्या पाण्याच्या पाइपाला बूस्टर पंप लावतात. त्या पंपाचं पाणी कुठूनतरी फ्लशच्या पाइपात घुसत होतं. म्हणजे दोन पाइप, ज्यांनी एकमेकांना कधीही भेटायचं नाही, ते कुठेतरी भेटले होते.

गच्चीवरून खाली जाणारे फ्लशचे तीन पाइप मी एकेक करून बंद करून बघितले. सगळ्यात वरच्या झोनचा, म्हणजे सदतीस ते चव्वेचाळीस मजल्यांचा पाइप बंद केला आणि टाकी भरायची थांबली.

"आत्ता काय बिघडलंय?" जोसेफने विचारलं. "चांगलं पाणी फ्लशमध्ये जातंय. जाऊ दे."

"बूस्टर बंद पडला की उलटं होईल. फ्लशचं पाणी नळात येईल."

त्याचं हसणं तिथेच थांबलं. शुक्रवारनंतर फ्लशमध्ये काय असणार होतं, ते त्यालाही माहीत होतं.

"वरच्या झोनमध्ये राहायला कोण आलंय?" मी विचारलं.

"एकच फॅमिली. तीन हजार नऊशे दोन. बाकी सगळीकडे सुतार आणि पेंटर आहेत." मग म्हणाला, "त्यांच्याकडे बाळ आहे, मॅडम."

मी तिथूनच सुब्बू सरांना फोन लावला. सुब्बू सर आमच्या फर्मचे मालक. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शुक्रवार होऊन जाऊ दे. मग बघू या." मी म्हटलं, शुक्रवारीच तर धोका सुरू होतोय. ते म्हणाले, मग मेननशी तू बोल.

मेनन बिल्डरकडचे प्रोजेक्ट हेड. त्यांच्याशी बोलणं इंग्रजीत होतं, इथे मराठीत लिहिते. त्यांचं ऑफिस खाली तिसऱ्या मजल्यावर होतं. मी गेले, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी समोरची फाइल माझ्याकडे वळवली.

"ही दोन्ही लाइनींची टेस्ट. खाली सही कोणाची?"

"माझी."

"मग चूक काय आहे? तुमचा रिपोर्ट की आमची टाकी?"

मी फाइल परत त्यांच्याकडे वळवली.

"गुरुवार संध्याकाळपर्यंत शोधा," ते म्हणाले. "सापडलं तर दुरुस्त करा. नाही सापडलं तर माझ्याकडे तुमचा सही केलेला रिपोर्ट आहे. मी त्यावर विश्वास ठेवीन आणि पाणी सोडीन."

त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं, की मी रिपोर्ट मागे घेते. नाही म्हटलं. सव्वीस वर्षांत एकही रिपोर्ट मागे घेतला नव्हता, त्याचा मला मोठा अभिमान होता. तो मध्ये आला.

तिथून मी थेट एकोणचाळिसाव्या मजल्यावर गेले. तिथे राहणाऱ्या माणसांना आधी बघून यावंसं वाटलं. दारावर 'वैद्य' अशी मराठी पाटी. खांद्यावर बाळ घेतलेल्या मुलीने दार उघडलं. मी मराठीत बोलल्यावर तिचा चेहरा एकदम खुलला.

"अय्या, मराठी! या नं काकू, आत या. इथे आल्यापासून तन्मयशिवाय कोणाशी मराठी बोलणंच होऊन नाही राहिलं."

ती रिचा. नागपूरची. ती आणि नवरा तन्मय, दोघं आयटीत, आधी एचएसआर लेआउटमध्ये भाड्याने राहत होते. तिने चहा टाकला. ओट्यावर पांढऱ्या फडक्यावर बाळाच्या पाच बाटल्या उपड्या ठेवल्या होत्या. मी त्या बाटल्यांकडे बघत होते आणि ती बोलत होती.

"आम्ही मुद्दाम हाच टॉवर घेतला बरं का. ते पाणी परत वापरतात नं, ते आम्हाला फार आवडलं. सासूबाई म्हणतात, शी, काय गं ते! पण सेफ असतं नं, काकू?"

"हो," मी म्हणाले. "अगदी सेफ."

इतक्या सवयीने म्हणाले, की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये.

आता शोधायचं कसं, ते सांगते. प्रत्येक फ्लॅटमध्ये चांगलं पाणी आत येतं तिथे एक मेन कॉक असतो. तो बंद करायचा आणि स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवायचा. पाइपात उरलेलं पाणी संपलं की नळ कोरडा पडतो. कोरडा पडला की फ्लॅट पास. पडला नाही, तर त्या फ्लॅटमध्ये दुसरीकडून पाणी येतंय. पोरखेळ वाटावा इतकी सोपी टेस्ट. आठ मजले, मजल्यावर चार, असे बत्तीस फ्लॅट. अवघड होतं ते दार उघडून घेणं. काही किल्ल्या सेल्स ऑफिसात, काही मालकांकडे, काही सुतारांच्या खिशात. एक मालक सिंगापूरला, त्याची किल्ली मेव्हण्याकडे आणि मेव्हणा फोन उचलत नव्हता.

मी यादी केली. बत्तीस नंबर लिहिले आणि तीन हजार नऊशे दोनपुढे आधीच टिक मारली. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. तो फ्लॅट पूर्वी शो फ्लॅट होता. म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी सगळ्यात आधी सजवलेला. तिथलं काम मी स्वतः तीनदा बघितलं होतं. शिवाय बाळ नुकतंच झोपलं होतं. आणि चहा पिऊन झाल्यावर त्या मुलीला, 'तुझं पाणी तपासायचंय' असं सांगायची मला लाज वाटली.

बुधवारी आम्ही वीस फ्लॅट केले. सगळे पास. नळ कोरडा पडला की जोसेफ खूष व्हायचा आणि मी नाइलाजाने टिक मारायची. मला नापास फ्लॅट हवा होता.

संध्याकाळी आमच्या एचएसआरच्या ऑफिसात परतले आणि तो जुना टेस्ट रिपोर्ट उघडला. दोन वर्षांपूर्वीचा. शंभर वेळा बघितलेला कागद, पण तारखांकडे मी कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. वरच्या झोनची चांगल्या पाण्याची लाइन आणि फ्लशची लाइन, दोन्हींची टेस्ट एकाच दिवशी झाली होती. हे शक्य नव्हतं. पाइपात पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा आणि तो दिवसभर उतरत नाही ना, हे बघायचं. टेस्ट पंप तर साइटवर एकच होता.

आणि मग आठवलं. मल्लप्पा माझ्यासमोर उभा होता. प्लंबरांचा फोरमन, चिकोडीकडचा, माझ्याशी त्याच्या तिकडच्या मराठीत बोलणारा. "अक्का, दोनी लैन एकदमच घ्यू का? लूप टाकतो की." फरशीचं काम मागून रेटत होतं, मेनन रोज फोन करत होते. मी ड्रॉइंगवरून मानही वर केली नव्हती. "सरी, बरं, घ्या एकदम," असं म्हणाले होते.

लूप म्हणजे हातभर लांबीचा रबरी पाइप. शेजारी शेजारी असलेल्या दोन लाइनी त्याने तात्पुरत्या जोडायच्या. मग एकाच पंपाने दोन्हीत दाब चढतो आणि दिवस वाचतो. गरम आणि गार पाण्याच्या लाइनींना सगळेच प्लंबर असं करतात आणि त्यात धोका नसतो. फ्लशच्या लाइनीला मात्र हे करायचं नसतं. हे मी नव्या इंजिनिअरांना शिकवते. त्या दिवशी स्वतःच होकार देऊन बसले होते.

खरं सांगते, मला त्या खुर्चीत बसवेना. शोधत होते दुसऱ्याची चूक आणि सापडली माझी. मी मल्लप्पाला फोन लावला. तो आता इलेक्ट्रॉनिक सिटीच्या साइटवर होता.

"उद्या सकाळी येतो की अक्का," तो म्हणाला. "काय झालं, ते न्हाई इचारत."

गुरुवारी सकाळी उरलेले फ्लॅट सुरू केले. सिंगापूरवाल्याचा मेव्हणाही सापडला. साडेअकराला यादीतल्या सगळ्या नंबरांपुढे टिक होती आणि एकही फ्लॅट नापास नव्हता. मेननचा मेसेज आला, 'एनी अपडेट?' मल्लप्पा फ्लायओव्हरवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. तो बाराला पोचला, हेल्मेट काखेत धरून. लिफ्टसमोरच मी त्याला गाठलं.

"मल्लप्पा, लूप कुठे टाकले होते?"

"दर मजल्याला एक. सगळ्यात लांबच्या घरात टाकायचा, मजी हवा निघून जाती. मजी दोन नंबरच्या घरात."

"आठ मजले, आठ लूप. आठही काढले?"

"काढले की." त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. प्रत्येक मजला त्याला वेगळा आठवत होता, कुठे बाथरूमची फरशी बसली होती, कुठे नव्हती. तिसऱ्या बोटावर तो थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "शो फ्लॅटची किल्ली आमास्नी कवा मिळाली, अक्का?"

"किल्ली मार्केटिंगकडे होती," मी म्हणाले.

"टेस्टच्या दिवशी उगडा हुता. लूप टाकला. चार दिसांनी काढाय गेलो तर मार्केटिंगवाल्यांनी कुलूप लावलेलं. आत नवीन गालिचा, फोटो काढाय लागले हुते. आमच्या बुटाला चिखल. म्हनले, आत न्हाई याचं. मग आमच्या गँगला तिकडच्या साइटला हलवलं. मी तुमास्नी फोन केला हुता, अक्का. किल्ली तेवढी मिळवून द्या म्हनून."

मला तो फोन आठवत नाही. आजही आठवत नाही. पण मल्लप्पा खोटं बोलत होता असं मला क्षणभरही वाटलं नाही. त्या दिवसांत मला रोज साठ फोन यायचे.

मी यादी काढली. तीन हजार नऊशे दोनपुढची टिक बाकीच्यांपेक्षा ठळक होती. पहिली मारलेली होती ना.

रिचाने दार उघडलं तेव्हा तिच्या बाह्या वर सारलेल्या होत्या. बाळाची आंघोळ व्हायची होती, बाथरूममध्ये टब भरलेला होता. माझ्यामागे जोसेफ आणि मल्लप्पाला बघून ती जरा बिचकली.

"पाच मिनिटं पाणी बंद करायचंय," मी म्हणाले.

जोसेफने मेन कॉक बंद केला. मी स्वयंपाकघरातला नळ उघडला. पाणी आलं. ते येणारच होतं, पाइपात उरलेलं असतं. मी मनात आकडे मोजू लागले. कालपासून एकतीस नळ मी असे मोजले होते आणि चाळिसाच्या आत सगळे कोरडे पडले होते. चाळीस झाले. साठ झाले. शंभर झाले. नळ तसाच धो धो वाहत होता.

"कॉक तर बंद केला नं?" रिचा म्हणाली. "मग हे कुठलं पाणी येऊन राहिलं, काकू?"

"फ्लशच्या टाकीतलं."

तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"घाबरू नकोस. आज त्या टाकीत चांगलंच पाणी आहे. तुम्ही आल्यापासून चांगलंच होतं. पण उद्यापासून त्यात शुद्ध केलेलं सांडपाणी येणार होतं."

"तुम्ही तर परवा म्हणाल्या, सेफ आहे म्हणून."

"हो. तपासल्याशिवाय म्हणाले."

ती ओरडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. तिने ओट्यावरच्या बाटल्या एकेक करून उचलल्या आणि ताटाळ्याच्या वरच्या फळीवर, नळापासून लांब नेऊन ठेवल्या.

बाथरूममागे पाइपांसाठी एक उभी अरुंद पोकळी असते, तिला शाफ्ट म्हणतात. तिच्या दारावर शो फ्लॅटवाल्यांनी लाकडी पॅनेल ठोकून वर आरसा लावला होता. दार आहे हेच कळत नव्हतं. मी तो फ्लॅट तीनदा बघितला होता, तो आरशासकट. मल्लप्पाने आरसा अलगद उतरवला, पॅनेल उचकटलं, खांद्यापर्यंत हात आत घातला.

"हाय की," तो म्हणाला.

बॅटरीच्या उजेडात मीही बघितलं. हातभर लांबीचा करडा रबरी पाइप, दोन्ही लाइनींना घट्ट बसलेला. त्याला लाल चिंधी बांधलेली. विसरू नये म्हणून मल्लप्पाची गँग प्रत्येक लूपला अशी चिंधी बांधते. दोन वर्षं ती आरशामागे अंधारात होती.

त्याने लूप काढला, दोन्ही तोंडांना बुचं लावली. स्वयंपाकघरातला नळ थोडा फुरफुरला आणि कोरडा पडला.

रिचाने दार लावून घेतल्यावर मल्लप्पा लूप हातात धरून पॅसेजमध्येच उभा राहिला. "अक्का, आता मालक मला ठेवत न्हाईत," तो म्हणाला. त्याच्या मालकाकडे, म्हणजे प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टरकडे, बिल्डरची आणखी तीन कामं होती. एक नाव पुढे करून ती वाचत असतील, तर तो करणारच होता.

मी सुब्बू सरांना फोन केला. ते खूष झाले. "सापडला ना? उत्तम. कॉन्ट्रॅक्टरने लूप काढला नाही, असं लिही. खरंच आहे ते."

"लूप टाकायला परवानगी माझी होती, सर. किल्लीसाठी त्याने मलाच फोन केला होता."

"ते कागदावर आहे का?"

"नाही."

"मग?"

मग काय, हे मला लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत सुचलं नाही. मेननच्या ऑफिसात मी तो लूप टेबलावर ठेवला. त्यातून थोडं पाणी त्यांच्या फाइलवर गळलं. मी सांगितलं, की लूप माझ्या परवानगीने टाकला होता, किल्ली मिळवून देणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. आणि मी माझा टेस्ट रिपोर्ट मागे घेते आहे.

"मागे कशाला?" मेननना खरंच कळेना. "लूप निघाला. टाकी भरायची थांबली. उद्या पाणी सोडू."

"टाकीने वरच्याच झोनचं सांगितलं, कारण तिथे बूस्टर आहे. खालच्या झोनमध्ये बूस्टर नाही. चांगल्या पाण्याची आणि फ्लशची, दोन्ही टाक्या गच्चीवर एकाच उंचीला आहेत, दोन्ही पाण्यांचा जोर जवळजवळ सारखाच. तिथे लूप राहिला असेल, तर पाणी मिसळत राहील आणि टाकी काहीच दाखवणार नाही. तिथले लूपही त्याच आठवड्यातले आहेत."

"म्हणजे सगळे फ्लॅट?"

"सगळे फ्लॅट. तोवर एकाही फ्लॅटच्या फ्लशला ते पाणी जाणार नाही. ऑफिसांची लाइन वेगळी आहे, तिच्या टेस्टला लूप नव्हते, ती उद्या दाखवा."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हे लेखी द्या," ते म्हणाले. मला घाबरवायला म्हणाले असावेत. मी तिथेच बसून, हाताने लिहून दिलं.

शुक्रवारी परीक्षक आले. ऑफिसांचं बघितलं, माझा कागद वाचला आणि फ्लॅटच्या रकान्यात 'प्रलंबित' असं लिहून गेले. रेटिंगचा समारंभ पुढे गेला.

उरलेले फ्लॅट तपासायला आम्हाला अकरा दिवस लागले. मल्लप्पा रोज यायचा. त्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही, म्हणून मालकाने त्याला ठेवला. रोज नळ कोरडे पडत होते आणि मेननच्या चेहऱ्यावर रोज तोच प्रश्न असायचा, की झालं का समाधान? खरं सांगायचं तर आठव्या दिवशी मलाही वाटू लागलं होतं, की उगाच सगळ्यांचा इतका जीव खाल्ला.

नवव्या दिवशी चोविसाव्या मजल्यावर, दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये नळ थांबला नाही. शाफ्टमध्ये दुसरा लूप होता, तशीच चिंधी बांधलेला. टेस्टनंतर तो फ्लॅट फरशीवाल्यांनी गोदाम म्हणून घेतला होता आणि कुलूप लावून ठेवला होता. तिथे एक आजी-आजोबा राहायला येऊन महिना झाला होता.

मी मेननना फोन करून फ्लॅटचा नंबर सांगितला. त्यांनी नंबर पुन्हा विचारून घेतला. मग ते म्हणाले, "उरलेलेही सगळे तपासा." बिल्डरच्या पुढच्या टॉवरचं काम दुसऱ्या फर्मला गेलं. सुब्बू सर महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. रेटिंग दोन महिन्यांनी मिळालं. रिचा लिफ्टमध्ये भेटते, हसते, पण आता ती मला मॅडम म्हणते.

दोन्ही लूप चांगल्या, नेहमीच्या प्लंबरांनी टाकले होते. दोन्ही काढायला ते वेळेवर गेले होते आणि दोन्ही वेळा दाराला कुलूप होतं. माझ्या रिपोर्टमध्ये पास आणि नापास असे दोनच रकाने होते. आत जाता आलं नाही, हे लिहायला जागाच नव्हती. म्हणून सगळं पासमध्ये गेलं. आता मी दोन लाइनी एकदम टेस्ट करू देत नाही, त्यासाठी दुप्पट दिवस लागतात आणि गिऱ्हाइकं कुरकुरतात. रिपोर्टमध्ये मी तिसरा रकाना घातलाय, 'किल्ली मिळाली नाही'. आजवर एकाही साइटवरून तो रकाना रिकामा आलेला नाही.